पाणी दिलं की पातं वाकतं, दर वेळी: दोष कुठे शोधायचा

हाताने सुऱ्या बनवायला शिकणारी पुण्यातली मंडळी मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात. पातं घडवलं, कानशीने घासलं, सरळ करून घेतलं, लाल तापवून तेलात बुडवलं (पातं कडक करायच्या या कामालाच पाणी देणं म्हणतात) आणि बाहेर काढलं तर टोक एका अंगाला गेलेलं. हातोडी मारून सरळ करायला जावं तर दोन तुकडे. पुढच्या पात्याचंही तेच. मग तेल बदललं जातं, तेलाचा डबा बदलला जातो. कुणी वैतागून साध्या पाण्याकडे वळतं, आणि वाकणारं पातं आता तडकायला लागतं.

माझं मत ठाम आहे. बहुतेक पात्यांमधला बाक तेलात जायच्या आधीच पात्यात असतो, तेल तो फक्त उघडा पाडतं. पोलाद तापताना फुगतं, थंड होताना आकसतं, आणि साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान, पोलादाच्या जातीनुसार, कडक व्हायला लागलं की पुन्हा थोडं फुगतं. पात्याच्या दोन्ही बाजूंनी हे सगळं एकाच वेळी केलं तर पातं सरळ राहतं. एक बाजू मागे पडली की दुसरी तिला ओढते. तेव्हा शोध एवढाच घ्यायचा की दोन बाजूंमध्ये फरक कुठे पडला: पोलादात, भट्टीत, घासण्यात की तेलात. अंदाजाने चारही गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही.

आधी बाक कसला आहे ते बघा

पातं डोळ्याच्या रेषेत धरा, पाठ वर, आणि मुठीकडून टोकाकडे ट्यूबलाइटच्या दिशेने बघा. पाठीवर उजेडाची जी रेघ पडते ती कुठे वळते ते लक्षात घ्या. मग पातं उलटं करून धारेकडूनही तसंच बघा.

पाठ सरळ आणि धार मात्र नागमोडी असेल, तर धार पाणी देण्याआधीच फार पातळ केलेली आहे. तेलात कडक करायच्या ३-४ मिमी जाडीच्या पात्याला धारेच्या जागी १ ते १.५ मिमी जाडी सोडायचीच, उरलेलं नंतर घासायचं. या दोषाचं उत्तर इथेच संपलं, पुढचं वाचायची गरज नाही.

मूठ सरळ पण टोक फिरलेलं, म्हणजे पीळ असेल, तर बहुधा घासताना मुठीजवळ एक बाजू जास्त गेली आणि टोकाजवळ दुसरी. टोक धारेकडे किंचित झुकलं असेल तर छोट्या स्वयंपाकाच्या सुरीत त्याची फार चिंता करू नका. धार पाठीपेक्षा आधी थंड होते, त्यामुळे असं होतं, आणि घासताना ते निघून जातं.

खरा त्रास देतो तो डावी-उजवीकडचा बाक. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

हवेतली परीक्षा

मुठीत जाणाऱ्या भागाच्या अगदी शेवटी, एकाच बाजूला, पंचने एक ठिपका मारा. हा ठिपका पुढे प्रत्येक वेळी सांगेल की बाक कोणत्या बाजूला आला. ठिपका नसेल तर भट्टीतून काढलेल्या काळ्या पात्याची डावी-उजवी कुणालाच ओळखता येत नाही.

आता पातं नीट सरळ करा. भट्टीत ठिपक्याची बाजू ज्योतीकडे ठेवून चुंबक धरत नाही इतकं तापवा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या थोडं वर जा. मग तेलात न घालता, मुठीच्या भोकात तार ओवून पातं उभं लटकवा आणि हवेत थंड होऊ द्या. पंखा नको, वाऱ्याची झुळूकही नको. ऐरणीवर किंवा फरशीवर आडवं तर मुळीच ठेवू नका. नवशिक्यांच्या शेडमध्ये हा प्रकार मी हमखास बघतो: तापलेलं पातं थंड ऐरणीवर टेकवलं जातं, खालची बाजू क्षणात निवते, वरची लालच राहते आणि बाक तिथेच पक्का होतो.

थंड झालं की ट्यूबलाइटसमोर बघून बाक कुठे आणि किती ते लिहून ठेवा. पातं लाल असताना पुन्हा सरळ करा आणि हीच परीक्षा पुन्हा घ्या, पण या वेळी ठिपका ज्योतीच्या उलट बाजूला ठेवून.

दोन्ही वेळी बाक ठिपक्याच्या दृष्टीने एकाच बाजूला आला, तर दोष पात्यात आहे, म्हणजे घासण्यात किंवा पोलादात. पातं फिरवल्यावर बाकही फिरला, तर दोष भट्टीत आहे, कारण ज्योत एकाच बाजूला लागते आहे. दोन्ही वेळा पातं हवेत सरळ राहिलं आणि फक्त तेलात गेल्यावर वाकलं, तरच तेलाकडे बघायचं. माझ्या पाहण्यात ही तिसरी शक्यता सगळ्यात कमी वेळा निघते.

या परीक्षेत पातं वाया जात नाही, उलट त्याचा फायदाच होतो. असं हवेत थंड करणं दोन-तीनदा केलं, प्रत्येक वेळी तापमान थोडं कमी ठेवलं, की घडवताना बसलेला ताण निघतो आणि आतले दाणे बारीक होतात. तेलात घालण्याची घाई असते म्हणून लोक नेमकी ही पायरी गाळतात. हवेत सरळ राहत नाही ते पातं तेलात घालायचंच नाही, हा नियम करून घ्या.

कमानीचा पाटा आणि त्याचा जुना ताण

पुण्यात शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्टीपासून, सुरुवात करतो. नाना पेठेत, जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे तुटका पाटा सहज मिळतो, आणि पोलाद चांगलं असतं. यात सिलिकॉन-मँगनीजची ६५ एसआय ७ किंवा ईएन ४५ सारखी जात असते, कधी क्रोम-व्हॅनेडियमची ५० सीआरव्ही ४.

पण पाटा हा साधा लोखंडाचा तुकडा नसतो. कारखान्यात तो कमानीत वाकवलेला असतो, त्याला आधीच पाणी दिलेलं असतं, आणि वर अनेकदा ज्या बाजूला ताण येतो त्या बाजूवर बारीक गोळ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग मुद्दाम दाबलेला असतो. म्हणजे दोन बाजू मुळातच वेगळ्या. असा पाटा थंड असताना घणाने सपाट केला, ग्राइंडरने आकार कापला आणि तडक पाणी द्यायला घेतला, तर भट्टीत तापतानाच आतला ताण सुटतो आणि पातं तेलापर्यंत पोचायच्या आत हललेलं असतं. नजरेला ते दिसत नाही, कारण त्या वेळी आपलं सगळं लक्ष रंगाकडे असतं.

म्हणून पाटा आधी पूर्ण लाल करून, लाल असतानाच सपाट करायचा आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा. सकाळी कानस त्यावर छान चालते. मगच आकार कापा. थंड हातोडीने सरळ केलेलं पातं दिसायला सरळ असतं, आत मात्र ताण धरून बसलेलं असतं. त्यामुळे शेवटचं सरळ करणं नेहमी गरम असताना, आणि त्यानंतर एकदा तरी हवेत थंड करणं.

जुन्या पाट्यात आणखी एक धोका असतो. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून आदळलेल्या पाट्यात केसाएवढे तडे असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी आणि जिथे एक पाटा दुसऱ्यावर घासतो तिथे. ते भाग सरळ कापून टाका, हावरेपणा नको.

खरं सांगायचं तर शिकताना मी ज्याची जात माहीत आहे असं नवं पोलाद घ्यायला सांगतो. भवानी पेठेतल्या पोलादाच्या दुकानांत ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) किंवा ओएचएनएसची (तेलात कडक होणारं, कमी आकसणारं पोलाद) पट्टी मागा. ओएचएनएस ७९० ते ८१५ अंशांत कडक होतं, म्हणजे चुंबक सुटल्यावर जेमतेम थोडंच वर. ईएन ३१ ला ८२० ते ८५० लागतात. सिलिकॉनवाल्या पाट्याला आणखी थोडी उष्णता लागते, आणि त्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन भट्टीत जास्त जळतो. कडक पात्यावरून कानस घसरायला हवी, पण या मऊ थरामुळे ती वरवर खरवडते आणि माणसाला वाटतं पातं कडकच झालं नाही. पाव मिमी घासून पुन्हा कानस लावा, मगच निकाल द्या. जात माहीत असली की दोषाच्या यादीतलं एक नाव कमी होतं, आणि शिकणाऱ्याला त्याची फार गरज असते.

भट्टी एका बाजूने तापवत असेल तर

घरगुती गॅस भट्टीत एकच बर्नर असतो आणि त्याची ज्योत पात्यावर थेट आदळते. ज्योतीसमोरची बाजू नारिंगी होते, मागची अजून गडद लाल असते. यावर सोपा उपाय म्हणजे भट्टीत एक जाड लोखंडी नळी किंवा चौकोनी पाइप आडवा ठेवायचा आणि पातं त्याच्या आत तापवायचं. ज्योत पाइपला लागते, पात्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता मिळते. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला अजिबात नको, जस्ताचा धूर विषारी असतो. भट्टी बंद खोलीत किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत पेटवू नका, मोकळी हवा हवीच.

कोळशाच्या भट्टीत भात्याची किंवा ब्लोअरची हवा जिथून येते त्याच्या अगदी वर पातं धरू नका. निखाऱ्यांचा थर जाड ठेवा आणि पातं त्यात पुढे-मागे हलवत राहा. टोक पातळ असतं, ते सगळ्यात आधी तापतं. म्हणून आधी पाठीचा आणि मुठीकडचा भाग तापवा, टोक शेवटी.

रंग बघायचं काम भर दुपारी करू नका. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या उन्हात नारिंगी पातंही काळपट लाल दिसतं आणि माणूस आणखी तापवत जातो. संध्याकाळी दिवा मालवून बसा. अंधारात एक गोष्ट दिसते, ती नीट बघायला शिका: पातं ठरावीक उष्णतेला पोचलं की लाल रंगावर सावल्या सरकायला लागतात. पोलाद आत बदलताना उष्णता ओढून घेतं, त्या जागा थोड्या गडद दिसतात, आणि मग एकेक करून सावली विरते. सगळ्या सावल्या गेल्या, दोन्ही बाजूंचा रंग एकसारखा झाला, की पातं तयार. एका बाजूला सावली शिल्लक असताना तेलात घातलेलं पातं वाकणारच.

घासण्यातला फरक

उजव्या हाताने काम करणाऱ्याचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. बेल्ट ग्राइंडरवर तर फरक झपाट्याने वाढतो. म्हणून सुरुवातीलाच धारेच्या कडेवर मध्यरेषा आखून घ्या. पात्याच्या जाडीएवढाच ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवा ठेवून त्याचं टोक कडेवर ओढलं की बरोबर मध्ये रेघ उमटते. दोन्ही बाजू त्या रेघेपर्यंत समान अंतर सोडून घासा. व्हर्नियरने मुठीजवळ, मध्ये आणि टोकाजवळ जाडी मोजा. शेवटचे ओरखडे लांबीच्या दिशेने काढा. आडवे खोल ओरखडे हे तडा जायला आमंत्रण आहे.

तेल

वरचं सगळं तपासून झाल्यावरच इथे यायचं.

साधं शेंगदाणा तेल शिकणाऱ्याला पुरतं, चार-पाच लिटर तरी हवं. वापरलेलं इंजिन ऑइल मी कुणाला सुचवत नाही. त्याचा धूर घातक असतो, आणि ज्या सुरीने भाजी चिरायची तिला ते कशाला?

तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट हवं. डिसेंबरच्या पुण्यातल्या सकाळी तेल इतकं घट्ट होतं की ते पात्याभोवती नीट फिरतच नाही. लोखंडाचा एक तुकडा तापवून आधी त्यात बुडवला की काम होतं. पावसाळ्यात मात्र वेगळीच काळजी घ्यावी लागते. शेडचा पत्रा गळत असेल आणि तेलाच्या डब्यावर झाकण नसेल तर तळाशी पाणी साचतं. ते दिसत नाही, कारण तेल वर तरंगतं. गरम पातं त्यात गेलं की पाण्याची एकदम वाफ होते, तेल उसळून पेटू शकतं, आणि पातं एकीकडे तेलात तर दुसरीकडे वाफेत थंड होऊन वाकतं. पावसाळ्यात दर वेळी तेल दुसऱ्या भांड्यात हळूच ओतून तळ बघा.

डबा लोखंडी आणि उभा हवा, पात्यापेक्षा चांगला खोल, आणि शेजारी घट्ट बसणारं धातूचं झाकण. पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी कधीही ओतायचं नाही. पातं टोक खाली करून सरळ, एका दमात आत जायला हवं. आत गेल्यावर वर-खाली किंवा धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा, सपाट बाजूच्या दिशेने हलवू नका. तिरकं घातलेल्या पात्याची एक बाजू आधी तेलाला भेटते, आणि तेवढ्यानेही पातं वाकतं.

तरीही वाकलंच तर

तेलातून काढल्यावर एक छोटी संधी असते. पोलाद अजून पूर्ण कडक झालेलं नसतं, त्यामुळे अर्ध्या-एक मिनिटात, पातं २०० अंशांच्या आसपास असेपर्यंत, ते हाताने वळतं. तेलाची खदखद थांबली की पातं बाहेर काढा, अजून त्यावरून धूर येत असेल. जाड, कोरडे चामडी हातमोजे घालून उजेडासमोर धरा. बाक दिसला तर दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दाबून हळूहळू सरळ करा, पुन्हा बघा, पुन्हा दाबा. घाई नको, झटका नको. पातं हाताला कोमट लागायला लागलं की हात थांबवा. त्यानंतर दिलेला जोर पातं मोडतो.

ती संधी हुकली तर दुसरी वाट आहे, आणि ती जास्त खात्रीची आहे. पातं लगेच ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर एक तास ठेवा. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि तळाला दोन जाड टाइल्स ठेवा म्हणजे उष्णता वर-खाली होत नाही. पातं आधी साबणाने धुऊन घ्या, आणि शक्यतो हा ओटीजी केक-बिस्किटांचा नसावा. तासाभराने पातं फिकट पिवळट झालं की ते तेवढं ठिसूळ राहत नाही. आता १०-१२ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या. पात्याचा फुगीर भाग वर येईल असं ते पट्टीवर ठेवा, दोन्ही टोकांखाली एकेक नाणं सरकवा आणि फुगीर जागी सी क्लॅम्प लावून हळूहळू कसत जा. पातं सरळ झाल्यावर थांबायचं नाही, जेवढा बाक होता साधारण तेवढंच उलट्या दिशेने न्यायचं. हे सगळं तसंच क्लॅम्पसकट पुन्हा २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवा आणि क्लॅम्पमध्येच पूर्ण थंड होऊ द्या. सोडल्यावर पातं बरंचसं सरळ निघतं. थोडं राहिलं तर नाण्याची जाडी वाढवून पुन्हा करा.

आपल्याकडचे विळे आणि कोयते घडवणारे लोहार बहुतेक वेळा फक्त धारेपुरतं पाणी देतात. पाठ मऊच राहते, त्यामुळे पुढे बाक आला तरी थंड असताना पाठीवर सरळ करता येतो. पहिल्या काही स्वयंपाकाच्या सुऱ्या अशा करून बघा. पातं पूर्ण तापवायचं, पण धारेकडचा साधारण तिसरा भागच पसरट लोखंडी भांड्यातल्या तेलात आडवा बुडवायचा आणि पाठीची लाली हवेत जाऊ द्यायची. यात वाकणं आणि तडकणं दोन्ही कमी होतं.

तडा गेलाय का ते कसं कळणार

तेलात असताना किंवा नंतर टेबलावर "टिक" असा आवाज आला तर ते पातं संशयित समजा. आवाज आला नाही तरी सरळ केलेल्या प्रत्येक पात्याची ही तपासणी करा. पातं पुसून स्वच्छ करा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये काही मिनिटं बुडवा, बाहेर काढून अगदी कोरडं पुसा आणि त्यावर पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूत पाझरतं आणि बारीक गडद रेघ उमटते.

रेघ दिसली तर ते पातं कुणाच्याही स्वयंपाकघरात जाता कामा नये. ते वाइसमध्ये धरून, चष्मा घालून, वर जाड कापड टाकून मोडा आणि मोडलेली कड उन्हात बघा. कड राखाडी आणि मऊसर दिसली तर उष्णता बरोबर होती, तडा ओरखड्यामुळे, कोपऱ्यामुळे किंवा जुन्या पाट्यामुळे गेला. कड साखरेसारखी चमचमत असेल, तर पातं गरजेपेक्षा जास्त तापलं होतं, आणि पुढच्या वेळी सावल्या विरल्या की लगेच भट्टीतून काढायचं. कडेचा एक भाग आधीच काळा असेल, तर तो तडा बहुधा पाणी देण्याच्या आधीपासून तिथे होता, आणि त्या पाट्याचा उरलेला तुकडाही भंगारात घाला.

चारही ठिकाणं तपासून, हवेतल्या परीक्षेत पातं सरळ ठेवूनही ते तेलात वाकतच असेल, तर एक पातं भोसरी किंवा चाकणकडच्या हीट ट्रीटमेंट करणाऱ्या एखाद्या युनिटकडे देऊन बघा. आधी फोन करून एकच नग घेतात का आणि कमीत कमी आकार किती ते विचारा. पोलादाची जात आणि हवा असलेला कडकपणा कागदावर लिहून द्या, स्वयंपाकाच्या सुरीला ५८ ते ६० एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) ठीक. त्यांच्याकडून सरळ आलं तर घासणं आणि पोलाद दोन्ही निर्दोष आहेत, आणि शोध तुमच्या भट्टीपुरता आणि तेलाच्या डब्यापुरता उरतो.